बोट दाखवतो का?

अंगणवाडीत दर महिन्याला मुलांचं वजन होतं. उंची मोजतात, दंडाचा घेर घेतात, वाढीच्या आलेखावर ठिपका पडतो. तो ठिपका खाली घसरला की लगेच विचारणा सुरू होते. आहार दिला का, घरी गेलात का, डॉक्टरांना दाखवलं का. हे व्हायलाच हवं. पण कृष्णाकाठच्या एका बीटमध्ये, म्हणजे अंगणवाड्यांच्या एका गटात, मुख्यसेविका म्हणून काम करताना मला एक गोष्ट कायम खुपत राहिली. एखाद्या मुलाचं वजन चोख असतं, पण हाक मारली तर ते वळून बघत नाही. अडीच वर्षांचं झालं तरी ‘आई, पाणी’ एवढंही म्हणत नाही. त्याच्यासाठी कोणाचाच फोन येत नाही. आलेखावर ते हिरव्या पट्ट्यात असतं आणि रजिस्टरपुरतं निरोगी असतं.

असं मूल सगळ्यात आधी आईच्या ध्यानात येतं, पण ती बोलत नाही. तिच्यानंतर सेविकेच्या. डॉक्टरांपुढे मूल येतं ते दहा मिनिटांसाठी, तेही रडत. आईपुढे एकच मूल असतं, ताडून बघायला दुसरं नसतं. सेविकेपुढे मात्र एकाच वयाची आठ-दहा मुलं रोज एका सतरंजीवर बसलेली असतात. त्यातलं एखादं वेगळं वागत असेल तर तिच्या डोळ्यांतून ते सुटत नाही. तिला त्या वेगळेपणाचं वैद्यकीय नाव ठाऊक नसेल. ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

माझ्या बीटमधल्या एका सेविकेने मला एका मुलाबद्दल जे सांगितलं, ते मी पुढे प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले. मूल तीन वर्षांचं. खिचडी, लाडू, सगळं आवडीने खाणारं. ती म्हणाली, “मॅडम, ह्याला चुरमुरे पाहिजे असले की हा माझ्याकडे बघत नाही, डब्याकडे बोट करत नाही. माझं मनगट धरतो आणि माझा हात नेऊन डब्यावर ठेवतो. मला मागत नाही, माझा हात मागतो.”

बालविकासाच्या पुस्तकातलं एक आख्खं प्रकरण तिने तीन वाक्यांत सांगितलं होतं. साधारण वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवायला लागतं. त्यानंतर काही महिन्यांत ते नुसतं दाखवण्यासाठीही बोट करतं. काही नको असतं, फक्त आकाशातलं विमान आपण पाहिलं तसं आईनेही पाहावं, एवढंच हवं असतं. बोट विमानाकडे आणि नजर आईच्या तोंडाकडे. बोलणं यायच्या आधीचा हा संवाद असतो. दीड वर्षापर्यंत तो दिसला नाही, तर नीट लक्ष द्यायला हवं. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, लवकर दिसणाऱ्या खुणांमधली ही एक महत्त्वाची खूण. चुरमुरे मागणारं ते मूल हाकेलाही वळत नव्हतं, पण बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरला की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून धावत यायचं. बाटलीची झाकणं ओळीत लावायचं आणि ओळ मोडली की डोकं आपटायचं.

आम्ही घरी गेलो. आजी ओसरीवर शेंगा निवडत होती. “आवं मॅडम, त्येचा बा बी चार वर्सांचा हुईस्तवर बोलला न्हवता. आता बगा, ट्रॅक्टरचा हप्ता बँकेत जाऊन भरून येतो.” माझ्या भागात हे वाक्य मी घरोघरी ऐकलंय. पुरुषमाणूस उशिराच बोलतो. जीभ जड आहे, खालची शीर कापून आणा. वेखंड उगाळून जिभेला लावा. पोपटाचं उष्टं फळ चारा. मोबाइल बंद केला की बोलेल. आणि हे झालं की शेवटी सगळ्यांचं एकमत : बोलेल की, घाई काय आहे?

यातलं वेखंड मला तितकंसं त्रास देत नाही. त्रास देतं ते शेवटचं वाक्य, कारण ते शिकलेले लोकही म्हणतात. क्वचित एखादा डॉक्टरही म्हणतो. उशिरा बोलणारी काही मुलं पुढे आपोआप सावरतात, हे खरं आहे. पण कोणतं सावरणार आणि कोणतं नाही, हे ओसरीवर बसून सांगता येत नाही. मेंदूची घडण पहिल्या काही वर्षांत जितक्या वेगाने होते तितक्या वेगाने पुन्हा कधीच होत नाही. तपासून घेतलं आणि काही निघालं नाही, तर एक दिवसाची मजुरी बुडाली. न तपासता दोन वर्षं थांबलो आणि काही निघालं, तर ती दोन वर्षं परत येत नाहीत. हा हिशोब मी प्रत्येक घरात मांडला आहे, आणि शेतकरी माणसाला तो पटतो. पेरणीची वेळ चुकली तर काय होतं, हे त्याला आपण सांगायला लागत नाही.

मोबाइलचं थोडं वेगळं. जेवताना, रडताना हातात फोन दिला की घरातलं बोलणंच कमी होतं आणि लहान मुलाला त्याचा तोटा होतो. फोन जरूर बंद करा. पण आधी सहा महिने फोन बंद करून बघू, मग दाखवू, असं करू नका. दोन्ही एकाच दिवशी सुरू करता येतं.

सांगायचं कसं, हा या कामातला सर्वांत अवघड भाग. मी सेविकांना एकच सांगायचे, निदान करायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. ‘तुमचं मूल ऑटिस्टिक आहे’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, तो तज्ज्ञांचा. ‘मंद वाटतो’ असं तर चुकूनही म्हणायचं नाही. आपण फक्त पाहिलेलं सांगायचं. त्यासाठी वही ठेवायची. वहीत ‘हट्टी आहे’, ‘लक्ष नाही’ असले शेरे नकोत. ‘नावाने पाच वेळा हाक मारली, एकदाही बघितलं नाही. ताटलीचा आवाज झाला, लगेच बघितलं’ असं लिहायचं. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी हातात असल्या की आईशी बोलणं सोपं होतं आणि पुढे डॉक्टरांनाही त्या उपयोगी पडतात.

आईशी बोलताना सुरुवात प्रश्नाने. घरी हा काय खेळतो? काही हवं असलं की कसं सांगतो? कशाला घाबरतो? मग हळूच, तुम्हाला याच्याविषयी काही वाटतं का? हा शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक आया रडतात. कारण त्यांना केव्हापासून काहीतरी वाटत असतं आणि त्यांना तो प्रश्न तोवर कोणी विचारलेला नसतो. चुरमुरे मागणाऱ्या त्या मुलाची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, “बाई, मला वर्षाचा असतानाच कळलं होतं. पण बोलले असते तर माझ्यावरच आलं असतं.”

तिच्यावरच आलं होतं. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, अंगावर नीट पाजलं नाही, माहेरी फार राहिली, कामाला गेली. मूल वेगळं निघालं की दोष शोधायला घर आईपासून सुरुवात करतं, आणि यात आपणच मागासलेले आहोत असंही नाही. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत नामांकित तज्ज्ञ लिहीत होते, की आई मायेने थंड असली की मूल स्वमग्न होतं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला आणि याचं मूळ मेंदूच्या घडणीत आहे हे ठासून मांडलं. आज त्याबद्दल वैद्यकशास्त्रात शंका उरलेली नाही. मी प्रत्येक घरी सासू आणि नवरा समोर असताना हे स्पष्ट सांगायचे : हे ग्रहणाने होत नाही, दृष्ट लागून होत नाही, आईच्या चुकीने होत नाही. काही घरांत त्या दिवशी तपासणीला कोणी तयार व्हायचं नाही. पण त्या बाईची मान जरा वर व्हायची, तेवढंही मला पुरेसं वाटायचं.

तपासणीची सोय आपल्याकडे आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमध्येच झाली. जन्मतः असलेले दोष, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब, या चार गोष्टींसाठी शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांना तपासायचं, हे त्याचं काम. या कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज वाटली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. लोक त्याला ‘सिव्हिलचं डीईआयसी’ म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ अशी माणसं एका छताखाली असावीत, अशी त्यामागची कल्पना. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धतीही जाहीर केली. कागदावर साखळी पूर्ण आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं, तारीख दीड महिन्यांनी मिळते, आणि तिथवर पोचायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. म्हणून पथक येण्याच्या दिवशी शंका वाटणारी मुलं हजर असतील आणि वही डॉक्टरांच्या हातात पडेल, एवढी खबरदारी मी जातीने घ्यायचे. पथकाला एका दिवसात पुष्कळ मुलं बघायची असतात. गर्दीत शांत बसलेलं मूल सहज सुटतं.

शांत मुलाची गोष्ट सांगायलाच हवी. एका गावात चार वर्षांची एक मुलगी होती. सेविका तिला सगळ्यांत गुणी म्हणायची. रडत नाही, भांडत नाही, दिलेल्या जागी बसते. बाकी मुलं गाण्याला हात वर करायची, तीही करायची, पण क्षणभर मागाहून, शेजारणीकडे बघून. मी सेविकेला म्हटलं, हिला भिंतीकडे तोंड करून बसव आणि मागून टाळी वाजव. मुलगी हलली नाही. पुढे सिव्हिलमध्ये बेराची, म्हणजे कानांची, तपासणी झाली. दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येत होतं. चार वर्षं ती इतरांचे हात आणि ओठ वाचून दिवस काढत होती आणि आम्ही सगळे तिला शहाणी म्हणत होतो. श्रवणयंत्र बसलं, वाचा-उपचार सुरू झाले. हेच वर्षभराच्या वयात झालं असतं तर फरक फार मोठा पडला असता. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडतं असं मला वाटतं. गप्प मुलगी आपल्याकडे कौतुकाची असते, काळजीची नसते. आणि मूल कोणतंही असो, बोलत नसेल तर पहिली तपासणी कानांची. कागदाच्या चुरचुरीला धावतं म्हणून ऐकू येतंय, असं घरच्या घरी ठरवू नये.

हंगाम सुरू झाला की आमच्या भागात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, पहाटे फडात जातो आणि चार-पाच वर्षांची पोरं तान्ह्यांना सांभाळत मागे राहतात. त्यातली काही आम्ही अंगणवाडीत आणायचो. एक मुलगा महिनाभर तोंडातून शब्द काढेना. सेविकेच्या वहीत नोंदी भरत गेल्या. मी संध्याकाळी कोपीवर गेले तर तो आपल्या बहिणीशी गोरमाटीत तावातावाने भांडत होता. बंजारा घरातलं मूल, मराठी त्याच्या कानाला नवी. त्याला तज्ज्ञाची गरज नव्हती, त्याच्या बोलीतली दोन गाणी वर्गात म्हणणारं कोणीतरी हवं होतं. त्याच्या बहिणीनेच ती शिकवली. एखाद्या मुलाविषयी मत बनवण्याआधी त्याला त्याच्या घरात, त्याच्या भाषेत बघावं, हा नियम मी तेव्हापासून कधी सोडला नाही.

पण त्याच माळावर दुसरी एक मुलगी होती. वीस महिन्यांची, आणि तिला आधाराशिवाय बसता येत नव्हतं. सात-आठ महिन्यांचं मूल बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं. हिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे. जन्मल्यावर रडली नव्हती, असं आई म्हणाली. पथकातल्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सीची शंका घेऊन सिव्हिलची चिठ्ठी दिली. तारीख मिळेपर्यंत हंगाम संपून पट्टा पडला. टोळी गावी गेली. मी तिकडच्या सेविकेचा नंबर मिळवून फोन केला, नोंदी पाठवल्या. ती म्हणाली, “मॅडम, हे लोक इथं अर्धंच वर्ष असतात. मी नाव घालते, पण दिवाळीनंतर परत तुमच्याकडेच.” तिचं काही चुकत नव्हतं. आपली सगळी व्यवस्था मूल एका गावात राहतं असं धरून बांधलेली आहे. अर्धं वर्ष इथे आणि अर्धं वर्ष तिथे वाढणारं मूल दोन्हीकडच्या यादीत असतं आणि उपचार कुठेच पुरे होत नाहीत. ऊसतोड मजुरांच्या लहान मुलांसाठी दोन जिल्ह्यांत चालेल असं एकच उपचारपत्रक हवं, आणि कारखान्याच्या माळावर हंगामात महिन्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्ट हवा. हे मी बैठकांत मांडत आले, इथेही मांडते.

चुरमुऱ्यांच्या डब्यावर हात ठेवणाऱ्या त्या मुलाला ऑटिझम आहे हे पक्कं व्हायला बरेच महिने गेले. तोवर काय करायचं? मला या कामात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. मदत सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. सेविकेने वर्गात साधे बदल केले. डबा उंच फळीवर ठेवला. मुलाने तिचा हात धरला की ती खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायची, स्वतः बोट करून ‘चुरमुरे’ म्हणायची, क्षणभर थांबायची आणि मग द्यायची. एका वेळी एकच सूचना, तीही दोन शब्दांची. गाणं, खाणं, खेळ, घर असा दिवसाचा क्रम चार चित्रांत भिंतीवर लावला. पुढे काय होणार हे दिसायला लागल्यावर त्याचं डोकं आपटणं कमी झालं. गोंगाट वाढला की त्याला दाराजवळच्या कोपऱ्यात जायची मुभा होती. ‘माझ्याकडे बघ’ म्हणून त्याची हनुवटी धरायची नाही, हे मदतनीस ताईंनाही बजावलं. तीच चित्रं आईने घरी चुलीमागच्या भिंतीवर लावली.

आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचा बाकीच्या मुलांनाही फायदा झाला. याचं आश्चर्य वाटायला नको. मारिया माँटेसरींनी रोममध्ये आधी काम केलं ते बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर. त्यांच्यासाठी घडवलेली साधनं आणि रीत घेऊनच त्यांनी १९०७ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालघर उघडलं. तोच विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणात नेला, काडी-दगड-पानांची साधनं करून. आजच्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. म्हणजे वेगळ्या मुलाला सामावून घेणं हे अंगणवाडीवर नव्याने लादलेलं काम नाही, ज्या शिक्षणातून ती उभी राहिली त्याची सुरुवातच अशा मुलांपासून झाली आहे. कोणी सेविका मला म्हणाली, की असं मूल आमच्याकडे कशाला, त्याला वेगळ्या शाळेत घाला, तर मी तिला हे सांगायचे. आणि हेही, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय तो सहाव्या वर्षापासून. सर्वांत महत्त्वाची पहिली सहा वर्षं तुझ्याच सतरंजीवर जाणार आहेत.

तिचा भार मला कमी लेखायचा नाही. आहार, गृहभेटी, लसीकरण, मोबाइलवर भरायची माहिती, सर्वेक्षणं, आणि मानधन किती ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात एक मूल सतत दाराकडे पळणारं. अशा अंगणवाडीला आठवड्यातून दोन दिवस तरी जास्तीचं माणूस मिळायला हवं. नुसत्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाने आणि एका पुस्तिकेने हे काम होणार नाही.

तो मुलगा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. मोजकं बोलतो, गर्दीत कान झाकतो, पाढे म्हणतो, खेळात मिसळायला त्याला वेळ लागतो. ऑटिझम बरा होत नाही, त्याच्यासह जगणं सोपं करता येतं. शाळेत नाव घालताना वडील दिव्यांग प्रमाणपत्राला तयार नव्हते, पोराच्या कपाळावर शिक्का बसेल म्हणून. त्यांना समजावायला वर्ष गेलं. ते वर्ष मी घाई न करता दिलं, कारण उपचार थांबले नव्हते.

तुमच्या घरात, शेजारात, नात्यात एखादं मूल वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊन बोट दाखवत नसेल किंवा पाऊल टाकत नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर ‘बोलेल की’ म्हणू नका. माता-बाल संरक्षण कार्ड घरात असेल, त्यात वाढीच्या टप्प्यांची चित्रं आहेत, ती आज उघडून बघा. अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना सांगा, आरबीएसकेचं पथक कधी येणार ते विचारा. थांबायचं नसेल तर थेट जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा आणि आधी कान तपासून घ्या. ही तपासणी मोफत आहे. आणि जाताना मुलाच्या आईला एकटीला पाठवू नका, सोबत जा.